खांड

संघटनेच्या वहीत आईचं नाव चढलं त्या दिवशी
कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला.
आई म्हणाली, अंगठा नको.
चंद्रावती लिहिताना तिचा 'द्र' तीनदा अडला.
आणि मी, जिने दोन वर्षं अर्ज केले,
मामलेदार कचेरीच्या बाकावर उन्हाळे काढले,
खिडकीबाहेर बघत राहिले.

'आता मला काय मिळणार?'
'एक मत. आणि मानशीच्या पावणीतला वाटा.
गेल्या साली बासष्ट रुपये पडला.'
'द्यायचं काय?'
'वाट्यामागे तीन दिवस. बांधावर, चिखलाचं काम.'
आई हसली.
'ते दिलंय मी. लग्न होऊन आले तेव्हापासून.'

खोटं नव्हतं. वहीत अण्णा होते,
अण्णांमागून वास्कोत नोकरी करणारा माझा भाऊ.
दुर्भाटच्या बांधावर मात्र दर साली
डोक्यावर टोपली घेतलेली ही बाई,
मानेवरून ओघळणारं खारं पाणी
मनगटाने निपटत.

कोजागिरीच्या रात्री उधाण आलं.
फोंडूने मानशीच्या फळ्या उचलून ठेवल्या होत्या.
भरतीबरोबर शेवटे आत शिरतात, सुंगटं शिरतात.
त्याच्यापाशी पावती होती:
एक्याऐंशी हजार, मे अखेरपर्यंत.
मासळी आली.
मासळीमागून पाणी, आणि मग बांधच गेला.
बारा हात खांड.
कापणीला आलेलं कोरगुट सकाळी
शेवाळासारखं पाण्याखाली हलत होतं.

अकरा वाजता देवळाच्या मंडपात बैठक.
भाटकार म्हणाला, कायद्याने जमीन तुमची झाली, बांधही न्या.
कुळं म्हणाली, बांध सरकारचा.
सोयरू म्हणाला, माझं शेत वरच्या अंगाला,
तिथे मीठ पोचत नाही.
एकाने पंचायतीच्या घरपट्टीची पावती काढली,
का ते कळलं नाही, पण काढली.
फोंडू एवढंच म्हणाला, मी पैसे भरलेत.

प्रत्येकाच्या हातात कागद होता.
मी शिक्षिका, सवयीने एकेक तपासला.
एकही खोटा नव्हता.
हेच मला जड गेलं.

मग अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं:
नव्या सभासद बाईंना काही बोलायचंय?
मी मनात तिचं भाषण लिहून ठेवलं होतं,
'चाळीस वर्षं' या शब्दांनी सुरू होणारं.
आई उठली, खांबाला हात लावून.
विचारलं,
'सुकती कितीला लागते?'

'साडेबाराला,' कुणीतरी म्हणालं.
ती चपला शोधू लागली.

पाणी उतरलं तेव्हा खांडीपाशी आम्ही नऊजण.
फोंडूही होता, कुणाकडे न बघता
कांदळाच्या मेढी ठोकत.
आमच्याआधी पोचलेला एकजण मात्र
कमरेइतक्या गाळात उभा:
यल्लप्पा, विजापूरकडचा,
आमच्या मागल्या खोलीत भाड्याने राहणारा.
इथे त्याचं शेत नाही, मत नाही,
रेशनकार्डावर नाव नाही.
पेंढ्याचा थर, चिखलाचा थर, मग टाच.
हे त्याला कुणी शिकवलं?
'पाणी खोलीत येतं ना,' तो म्हणाला.

सहाला भरती फिरली.
खांड अर्धी बुजली होती,
उरलेली तीन दिवस बुजवत राहिलो.
भात गेलंच. मीठ दोन पावसाळे तरी मुरेल.
फोंडूला दंड झाला की नाही, ते अजून वहीत यायचंय.

पावणीचे पैसे वाटले तेव्हा
आईने बासष्ट रुपये मोजून घेतले, दोनदा.
दिवेलागणीला मला म्हणाली,
'बाय, तुला अर्ज लिहिता येतो ना? त्याचा लिही.'

लिहायला घेतलाय.
नाव झालं, वय झालं, राहणार झालं.
चौथ्या रकान्यात विचारलंय,
हक्क कोणत्या आधारे?
मी तिथे 'चिखल' लिहिलं.
असं कारकून घेणार नाही,
वर मीच वर्गात मुलांना सांगते
की उत्तर प्रश्नाला धरून असावं.

अजून खोडलेलं नाही.